बदनाम पर्वातला पोरगा

15 नोव्हेंबर 1980, शनिवार, रात्रीचे साडेअकरा. न्यूयॉर्कमधल्या एनबीसी वाहिनीच्या 8-एच स्टुडिओतून ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या विनोदी कार्यक्रमाचं सहावं पर्व सुरू झालं. पाहुणा सूत्रधार एलियट गूल्ड पलंगात, आणि त्याच पलंगात नवा, अनोळखी संच. कलाकार आपली ओळख करून देतात ती अशी, की मी म्हणजे जुन्या संचातला अमका आणि तमका यांचं मिश्रण. हे स्किट पाहताना मला त्या मुलांबद्दल फार वाईट वाटतं. पहिल्याच मिनिटाला, स्वतःच्या तोंडाने, त्यांनी प्रेक्षकाच्या हातात फूटपट्टी दिली. पुढचे चार महिने प्रेक्षकाने ती वापरली.

जुना संच साधासुधा नव्हता. 11 ऑक्टोबर 1975 ला कार्यक्रम सुरू झाला तेव्हा त्यात चेव्ही चेस, जॉन बेलुशी, डॅन अ‍ॅक्रॉइड, गिल्डा रॅडनर होते. चेस गेल्यावर बिल मरे आला. निर्माता लॉर्न मायकल्स पाच वर्षांत पार दमून गेला आणि 1980 मध्ये बाहेर पडला. त्याच्यामागून उरलेले कलाकार गेले, लेखकही गेले. मायकल्सच्या मनात आपल्या जागी लेखक अल फ्रँकन होता. पण फ्रँकनने कार्यक्रमातच एनबीसीचे अध्यक्ष फ्रेड सिल्व्हरमन यांची अशी खिल्ली उडवली, की त्याचं नाव तिथेच कटलं. जबाबदारी आली जीन डूमेनियन यांच्याकडे. तोवर त्या याच कार्यक्रमासाठी पाहुणे कलाकार ठरवण्याचं काम बघत होत्या.

आपल्याकडे नाटकाची जाहिरात ‘नव्या संचात’ अशी येते आणि प्रेक्षक ती मान्य करतो. ‘नटसम्राट’ डॉ. श्रीराम लागूंनी केलं, मग दत्ता भटांनी केलं, सतीश दुभाषींनी केलं. तुलना झाल्या, वाद रंगले, तरी नाटक उभं राहिलं, कारण शिरवाडकरांची संहिता जागेवर होती. स्किटच्या कार्यक्रमाला हा टेकू नसतो. ‘सॅटर्डे नाइट’चा आठवडा आजही तसाच चालतो: सोमवारी पाहुण्यासमोर कल्पना मांडायच्या, मंगळवारी रात्रभर लिहायचं, बुधवारी सगळ्यांनी बसून वाचन, मग सेट, तालमी, आणि शनिवारी संध्याकाळी प्रेक्षकांसमोर रंगीत तालीम. तिथे जे पडेल ते कापायचं आणि साडेअकराला दीड तास थेट. रविवारी हातात परत कोरा कागद. एवढा रगाडा ओढायला एकमेकांच्या सवयी माहीत असलेली माणसं लागतात. डूमेनियन यांच्याकडे तशी माणसं नव्हती. ती गोळा करायला जेमतेम काही महिने होते. जुन्याजाणत्या टोळीलाही जे मोठ्या कष्टाने जमत होतं, ते नवख्यांना पहिल्या शनिवारपासून जमावं अशी अपेक्षा ठेवणं अन्यायाचंच होतं.

पर्व कोसळलं, हे खरंच आहे. आज त्यातले भाग पाहिले तर बरीच स्किट्स लांबलेली वाटतात आणि शेवट सापडत नाही. फेब्रुवारी 1981 मध्ये कडेलोट झाला. आदल्या वर्षी ‘डॅलस’ मालिकेतल्या ‘जे. आर.वर गोळी कुणी झाडली’ या प्रश्नाने अमेरिका वेडी झाली होती. 21 फेब्रुवारीच्या भागात त्याचंच विडंबन होतं. गोळी लागली होती कलाकार चार्ल्स रॉकेटला. निरोपाच्या वेळी तो चाकांच्या खुर्चीत बसला होता. कसं वाटतंय असं त्याला विचारलं, आणि त्याच्या तोंडून थेट प्रक्षेपणात इंग्रजीतली ती एक शिवी गेली. 7 मार्चला बिल मरे सूत्रधार म्हणून आला, नव्या मुलांना धीर देण्याचं स्किटही झालं. मग डूमेनियन यांची हकालपट्टी झाली. त्यांच्या जागी डिक एबरसॉल आले, त्यांनी 11 एप्रिलला एक भाग केला, तेवढ्यात लेखकांचा संप सुरू झाला आणि पर्व तेराव्या भागावरच संपलं.

पण या तेरा भागांतला एक पोरगा मला फार मोलाचा वाटतो. एकोणीस वर्षांचा, लाँग आयलंडमधल्या रूझवेल्ट गावात वाढलेला, क्लबांमधून स्टँडअप करणारा एडी मर्फी. डूमेनियन यांचा कल रॉबर्ट टाउनसेंडकडे होता. कलाकार निवडण्याचं काम बघणाऱ्या नील लेव्हीने मर्फीसाठी हट्ट धरला, म्हणून तो आत आला. तोही मुख्य संचात नाही, दुय्यम फळीत. आठवडेच्या आठवडे मागे उभं राहायचं. 6 डिसेंबरला त्याला बातम्यांच्या विडंबनात बोलायला मिळालं. क्लीव्हलंडमध्ये शाळेच्या बास्केटबॉल संघात गोऱ्या मुलांसाठी जागा राखण्याचा आदेश निघाला होता, त्यावर एक काळा माणूस भाष्य करतो, असा तो छोटासा भाग. त्यात मर्फी घाई करत नाही. कॅमेऱ्यात थेट बघतो, वाक्य टाकतो, थांबतो. एवढ्या लहान वयात हे थांबणं कुठून आलं असेल, असं मला प्रत्येक वेळी वाटतं. इतर जण हशा मागत होते; हा तो येणारच असं धरून उभा होता.

10 जानेवारी 1981 चा भाग संपत आला आणि लक्षात आलं, की पाचेक मिनिटं उरलीत आणि दाखवायला काहीच नाही. थेट कार्यक्रमात याहून मोठी भीती नाही. लेव्हीने पुन्हा मर्फीचं नाव घेतलं. डूमेनियन आधी कचरल्या, मग हो म्हणाल्या. मर्फी आपल्या स्टँडअपमधला तुकडा घेऊन एकटा उभा राहिला आणि ती मिनिटं त्याने खिशात घातली. लवकरच तो मुख्य संचात आला. पुढच्या पर्वात या संचातले जो पिस्कोपो आणि मर्फी एवढेच टिकले, आणि त्यानंतरची काही वर्षं कार्यक्रम तगला तो प्रामुख्याने मर्फीच्या जोरावर. डिसेंबर 2019 मध्ये तो सूत्रधार म्हणून परत आला आणि त्या भागासाठी त्याला एमी मिळालं. एकाच वर्षात घालवून दिलेल्या बाईंच्या पर्वाची ही कमाई आहे. डूमेनियन यांनी त्याला ओळखायला उशीर केला, हे मान्य. पण त्या रात्री त्याला रंगमंचावर जाऊ दिलं ते त्यांनीच, आणि त्या पर्वावर लिहिणारे हे घाईघाईत एका ओळीत उरकतात.

आपल्याकडेही 2025 च्या जुलैत ‘चला हवा येऊ द्या’ हा विनोदी कार्यक्रम परतला. 2014 पासून ज्यांनी तो कार्यक्रम अंगाखांद्यावर वाढवला ते नीलेश साबळे त्यात नव्हते. सूत्रं अभिजीत खांडकेकरकडे आली. ‘पूर्वीसारखं नाही राहिलं’ हे वाक्य पहिल्या आठवड्यापासून कानावर यायला लागलं. ते प्रेमापोटीच येतं. त्या कार्यक्रमातल्या थुकरटवाडीने लोकांना इतकं दिलंय, की आठवण निघणारच. पण जुन्या संचालाही ओळखीचं व्हायला वेळ लागला होता, आणि तो वेळ आपणच दिला होता. नव्या मुलांना तेवढाच वेळ मिळायला हवा. वाहिन्यांनीही टीआरपीचा पहिला आकडा बघून माणसं हलवू नयेत.

माझी वाचकांना विनंती आहे. यापुढे कुठल्याही विनोदी कार्यक्रमाचं नवं पर्व लागलं, की निदान महिनाभर ते बघा. मुख्य जोडीकडे बघाच, पण मागे ट्रे घेऊन उभ्या असलेल्या, दोनच वाक्यं मिळालेल्या मुलाकडे किंवा मुलीकडेही बघा. आवडलं तर त्यांचं नाव शोधून वाहिनीला कळवा. स्किट कुणी लिहिलं तेही बघा आणि त्या लेखकाचं नावही कळवा.