दुधापाशी थांबू नका

मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण, नवी दिल्ली



दिल्लीच्या द्वारकेत पहाटे दारात येणाऱ्या सुट्या दुधाला फार लांबचा प्रवास करावा लागत नाही. काकरोला आणि गोयला या डेअरी वसाहती उपनगराला खेटूनच आहेत. तिथून जवळच नजफगढ नाला वाहतो. ही मूळची साहिबी नदी. धांसा ते वझिराबाद असा ५७ किलोमीटरचा प्रवास करून तो यमुनेला मिळतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचे प्रदूषण मोजले, तेव्हा या नाल्याच्या खोऱ्याचा निर्देशांक ७९.५४ भरला. ७० च्या वरचा पट्टा अतिगंभीर मानला जातो.

प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभर दुधाची पाहणी केली. १,१०३ शहरे, ६,४३२ नमुने. एवढे मोठे काम पूर्वी झाले नव्हते आणि त्याचे श्रेय आपल्याला द्यायलाच हवे. भेसळ, प्रतिजैविके, कीटकनाशके, अफ्लाटॉक्सिन एम-१ हे सारे त्यात तपासले गेले. शिसे आणि कॅडमियम मात्र त्या यादीत नव्हते.

ती तपासणी का हवी होती, हे जनावराच्या पोटात डोकावले की कळते. गायी-म्हशी चरताना जिभेने सगळेच ओढून घेतात. फुटलेल्या बॅटरीचा तुकडा, जुन्या रंगाची खपली गिळली जाते, जड असल्याने जाळीपोट या पोटाच्या कप्प्यात बसते आणि हळूहळू विरघळत राहते. रक्तात उतरलेले शिसे शरीराला कॅल्शियमसारखेच वाटते, म्हणून ते हाडांत साठते. म्हैस व्याली, दुधासाठी हाडांतले कॅल्शियम मोकळे होऊ लागले, की त्याबरोबर शिसेही निघते. इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी कारखान्यांभोवतीच्या दुभत्या गायी तपासल्या. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात शिसे-जस्ताच्या भट्टीजवळच्या गायींच्या रक्तात शिसे सर्वाधिक आढळले. रक्तातले प्रमाण वाढले तसे ते दुधातही उतरले होते.

कॅडमियमची तऱ्हा वेगळी. ते दुधात फारसे येत नाही, म्हणून दुधाचा अहवाल स्वच्छ निघाला तरी जनावर स्वच्छ असेलच असे नाही. १९५७ मध्ये मार्गोशेस आणि व्हॅली यांनी घोड्याच्या मूत्रपिंडातून कॅडमियम धरून ठेवणारे प्रथिन वेगळे काढले. मेटॅलोथायोनिन म्हणून ते आज ओळखले जाते. शरीर ते वापरते जस्त आणि तांबे सांभाळण्यासाठी. चाऱ्यातून कॅडमियम आले की ते जस्ताला हटवून त्याची जागा घेते. यकृतातून ही जोडी रक्तावाटे मूत्रपिंडात पोचते, तिथल्या नलिका तिला पुन्हा शोषून घेतात, प्रथिन मोडते आणि कॅडमियम तिथेच मुक्काम करते. माणसाच्या मूत्रपिंडातून त्यातले निम्मे बाहेर पडायला १० ते ३० वर्षे लागतात. म्हशीचे सारे आयुष्यच त्यात सरू शकते.

म्हणूनच युरोपीय संघाने गोवंशाच्या मांसासाठी कॅडमियमची मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम ठेवली आहे, यकृतासाठी ०.५ आणि मूत्रपिंडासाठी १. एकाच जनावराच्या अवयवांत हा वीसपट फरक गृहीत धरावा लागतो.

धातू एकमेकांच्या वाटेतही येतात. चाऱ्यात लोह कमी पडले की आतडे कॅडमियम जास्त शोषते, कॅल्शियम कमी पडले की शिसे. सेलेनियम पाऱ्याला बांधून त्याची धार कमी करते. सील आणि डॉल्फिनच्या यकृतात हे दोन्ही जवळपास एकास एक प्रमाणात सापडल्याचे १९७३ मध्येच प्रसिद्ध झाले होते. म्हणजे दोन म्हशींच्या चाऱ्यात शिसे सारखे असले तरी, जिला खुराक निकृष्ट मिळतो तिच्या अंगात ते अधिक मुरणार. आपले २०११ चे नियम मात्र प्रत्येक धातूला स्वतंत्र मर्यादा देतात. त्या मर्यादा हव्यातच, पण अवयवात धातू एकेकटे राहत नाहीत. निव्वळ वेगवेगळे आकडे पाहून धोका कळणार नाही.

मे २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने गाझीपूर आणि भलस्वा डेअरींबाबत हीच काळजी बोलून दाखवली. कचऱ्याच्या डोंगराशेजारची जनावरे घातक कचरा खातात आणि त्यांचे दूध मुलांच्या पोटात जाते. द्वारकेजवळ कचऱ्याचा डोंगर नाही, नाला आहे. त्याचे पाणी चाऱ्यात उतरत असेल, तर चिंता तीच आहे.

तेव्हा मागणी अशी: दिल्लीच्या डेअरी वसाहतींतील दूध, चारा आणि पाणी यांत शिसे, कॅडमियम, पारा आणि आर्सेनिक तपासावे. कत्तलखान्यातून यकृत आणि मूत्रपिंडाचे नमुने घ्यावेत, कारण वर्षानुवर्षांचा हिशेब तिथेच सापडतो. त्याच नमुन्यात जस्त, तांबे, लोह आणि सेलेनियमही मोजावे, आणि आकडे वसाहतीच्या नावानिशी जाहीर करावेत. यात गवळ्यांना गुन्हेगार ठरवू नये. नाल्यात धातू त्यांनी सोडलेले नाहीत, आणि दूषित चाऱ्याने पहिले नुकसान त्यांच्याच जनावरांचे होते.

पहिले नमुने काकरोला आणि गोयलातून, येत्या पावसाळ्याआधी घ्यावेत, ही आग्रहाची विनंती.

कळावे,
द्वारकेतील एक मराठी रहिवासी