लस सापडली म्हणजे शोध संपला का?

"रोगावर लस निघाली ना? मग त्यावर आणखी संशोधन कशाला?" हा प्रश्न आपल्याकडे नेहमी ऐकू येतो. विद्यार्थी तो विचारतात, पालक विचारतात आणि संशोधनाला पैसा द्यायचा की नाही हे ठरवणारेही विचारतात. प्रश्न मोठा व्यवहारी वाटतो. पण तो फसवा आहे असे माझे मत आहे. मी भौतिकशास्त्र शिकवतो. तरी हे मत पटवून देण्यासाठी मी उदाहरण घेणार आहे ते कोंबडीचे.

नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर मार्गासनी लागते. राजगडाला जाणारी मंडळी येथूनच वळतात. भातशेतीच्या या मुलखात दारात चार गावरान कोंबड्या असणे नवलाचे नाही. आणि पुणे जिल्ह्यात शेड बांधून, खाली भाताच्या तुसाची गादी घालून कोंबडीपालन करणारेही पुष्कळ आहेत. अंड्यांसाठी पाळायच्या पिल्लांना उबवणी केंद्रातच, जन्माच्या पहिल्या दिवशी, मानेजवळ कातडीखाली एक लस टोचतात. ती असते मारेक रोगाची. शेडवाले या रोगाला 'मॅरेक्स' म्हणतात.

हंगेरीतील पशुवैद्य योझेफ मारेक यांनी १९०७ साली पाय लुळे पडलेल्या कोंबड्यांचे वर्णन केले. एक पाय पुढे आणि एक मागे टाकून कोंबडी पडून राहते. यकृत, प्लीहा, अंडाशय यांत गाठी होतात. या गाठी म्हणजे कर्करोगच. तो हर्पिस कुळातील एका विषाणूमुळे होतो, हे १९६७ साली इंग्लंडमध्ये दिसून आले. हा विषाणू पिसांच्या मुळाशी वाढतो, कोंड्याबरोबर धुळीत मिसळतो आणि श्वासावाटे दुसऱ्या कोंबडीत शिरतो. अंड्यातून तो पिल्लात जात नाही.

१९७० च्या सुमारास टर्की पक्ष्यात आढळणाऱ्या, कोंबडीला निरुपद्रवी असलेल्या एका विषाणूपासून लस तयार झाली. कोणत्याही प्राण्यातला कर्करोग टाळणारी ही पहिली यशस्वी लस. अनेक ठिकाणी ती द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंश सेल्सिअसला साठवतात, हे ऐकून माझ्यासारख्या भौतिकशास्त्रवाल्याला विशेष आनंद होतो! लाखो पिल्ले वाचली. व्यवहारी माणसाच्या हिशेबाने येथे विषय संपला.

पण एक प्रश्न उरलाच होता. विषाणू शरीरात शिरतो हे कळले. पण निरोगी पेशीला तो कर्करोगी कसा बनवतो?

शाळेत आपण डीएनए, आरएनए आणि प्रथिन ही साखळी शिकतो. डीएनएवरील मजकुराची आरएनएमध्ये नक्कल होते आणि त्या नकलेवरून प्रथिन बनते. मग ज्या आरएनएपासून प्रथिन बनतच नाही, तो कशाच्या उपयोगाचा? १९८९ साली शास्त्रज्ञांना कोंबड्यांच्या एका वेगळ्या कर्करोगात अशीच एक अडचण भेटली. पक्ष्यांतील 'ल्युकोसिस' रोगाचा विषाणू आपली जनुके कोंबडीच्या डीएनएत घुसवतो. गाठी झालेल्या अनेक कोंबड्यांत तो एकाच ठिकाणी घुसलेला आढळला. त्या जागेला 'बिक' असे नाव दिले. पण या जनुकापासून प्रथिन काही बनत नव्हते. 'निरुपयोगी' म्हणून ते सोडून देणे सोपे होते.

उत्तर आले ते एका इवल्याशा कृमीच्या अभ्यासातून. १९९३ साली अमेरिकेत व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस आणि गॅरी रव्हकन यांना प्रथिन न बनवणारा, सुमारे बावीस अक्षरांचा आरएनएचा तुकडा सापडला. यालाच सूक्ष्म-आरएनए म्हणतात. याची लांबी जेमतेम सात नॅनोमीटर. म्हणजे दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी. त्याचे काम मात्र मोठे. त्याच्या सुरुवातीची सहा-सात अक्षरे, ज्यांना 'बीज' म्हणतात, ती दुसऱ्या आरएनएवरील जुळत्या अक्षरांना जाऊन चिकटतात आणि त्या आरएनएपासून प्रथिन बनणे रोखले जाते. या शोधाला २०२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढे कळले की 'बिक'मधून असाच एक सूक्ष्म-आरएनए निघतो. त्याचा क्रमांक १५५. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या वाढीवर तो नियंत्रण ठेवतो. तुमच्या-माझ्या शरीरातही तो आहे. तो प्रमाणाबाहेर वाढला की पेशींची वाढ बेताल होते.

आता मारेक रोगाकडे परत येऊ. या विषाणूने तर कमालच केली आहे. कोंबडीच्या १५५ क्रमांकाच्या सूक्ष्म-आरएनएची नक्कल तो स्वतःजवळच बाळगतो! दोघांचे बीज अगदी एकसारखे. वेणुगोपाल नायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये केलेला प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. विषाणूच्या डीएनएत सुमारे पावणेदोन लाख अक्षरजोड्या असतात. त्यांनी या बीजातली फक्त दोन अक्षरे बदलली. विषाणू पूर्वीसारखाच वाढत राहिला, पण कोंबड्यांना गाठी झाल्या नाहीत. एकटा सूक्ष्म-आरएनए सगळे करतो असे नाही. विषाणूचे 'मेक' नावाचे एक प्रथिनही त्यासाठी लागते. तरी दोन अक्षरांवर कर्करोग अडावा, ही गोष्ट थक्क करणारी आहे.

"ठीक आहे, पण लस तर आधीच होती!" असे कोणी म्हणेल. त्याला माझे उत्तर असे. ही लस गाठी होऊ देत नाही, पण विषाणूला शिरण्यापासून अडवत नाही. लस दिलेली कोंबडी जगते आणि विषाणूही धुळीत सोडत राहते. गेल्या अर्धशतकात हा विषाणू अधिकाधिक जहाल होत गेला आणि लसी बदलाव्या लागल्या. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसले की लस न दिलेल्या कोंबड्या अतिजहाल विषाणूने इतक्या लवकर मरतात की तो फारसा पसरत नाही; लस दिलेल्या कोंबड्यांतून मात्र तो दीर्घकाळ पसरतो. यावरून लस देऊ नये असा अर्थ कोणी काढू नये. लस न दिलेल्या पिल्लांची तर धडगत नाही. अर्थ एवढाच की लस पुरेशी नाही. जुनी गादी काढणे, शेड धुणे, नवी पिल्ले मोठ्या कोंबड्यांपासून दूर ठेवणे, हेही हवे. कर्ज काढून शेड उभारणाऱ्याचा संसार यावर अवलंबून असतो. आणि उद्या आजची लस तोकडी पडली, तर नवी लस शोधताना विषाणूचे मर्म ठाऊक असलेलेच कामी येतील.

शिवाय हे ज्ञान कोंबडीपुरते राहिलेले नाही. माणसात कर्करोग घडवणारा हर्पिस कुळातलाच एक विषाणू हीच १५५ ची नक्कल बाळगतो, हे २००७ साली दिसून आले.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे की साखळी शिकवताना प्रथिनापाशी थांबू नका. प्रथिन न बनवणाऱ्या आरएनएचीही गोष्ट मुलांना सांगा. आणि विद्यार्थी मित्रहो, "याचा उपयोग काय?" हा प्रश्न जरूर विचारा, पण त्याआधी "हे घडते कसे?" हा प्रश्न विचारायला शिका. पहिल्याचे उत्तर बहुधा दुसऱ्याच्या उत्तरातूनच मिळते.