आधी कोणी उतरावे?

मुरगाव बंदरात पर्यटकांचे मोठे जहाज लागले की त्याच्या स्वागताचे छायाचित्र वर्तमानपत्रांत हमखास झळकते. ढोल वाजत असतात, पाहुण्यांच्या गळ्यात हार पडत असतात आणि खाली मजकूर असतो : अमुक इतके पर्यटक गोव्यात दाखल. स्वागताचे आम्हांस वावडे नाही. आलेल्याचे आदरातिथ्य करावे हे गोमंतकीयाला कोणी शिकवावयास नको. परंतु हारतुऱ्यांनंतर हे पाहुणे जातात कोठे, कोणाच्या वाहनाने जातात, आणि मुख्य म्हणजे त्यांच्यापैकी आधी कोण उतरतो व मागाहून कोण, हा प्रश्न त्या छायाचित्रात येत नाही. आमच्या मते या व्यवसायातली खरी मेख तेथेच आहे.

ज्यांनी असा प्रवास केलेला नाही त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. जहाज धक्क्याला लागले म्हणजे शिडी उघडली असे होत नाही. बंदराचे आरोग्याधिकारी, कस्टम आणि इमिग्रेशन यांची मोकळीक मिळेपर्यंत कोणालाही पाऊल खाली टाकता येत नाही. ती मिळाली की पहिला मान बहुधा जहाज कंपनीकडूनच सहल विकत घेतलेल्यांचा. त्यांना सभागृहात जमवितात, छातीवर क्रमांकाची चिकटपट्टी लावतात आणि तांड्यातांड्याने खाली उभ्या असलेल्या बसगाड्यांत नेऊन बसवितात. महागड्या दालनांतले आणि वारंवार येणारे प्रवासीही पुष्कळदा पुढे असतात. ज्याने सहल विकत घेतली नाही, जो स्वतःची टॅक्सी ठरवून स्वतःच्या मर्जीने हिंडू इच्छितो, तो वरच्या मजल्यावर चहा पीत आपल्या पाळीची वाट पाहतो. शिडी अरुंद आणि माणसे हजारांच्या घरात. तेव्हा काही क्रम हवाच, हे आम्हांस मान्य आहे. मात्र तो क्रम कोणाच्या खिशाकडे पाहून लावला जातो हेही ओळखले पाहिजे. किनाऱ्यावरच्या सहली हे जहाज कंपन्यांच्या उत्पन्नाचे एक मोठे साधन आहे, आणि लवकर उतरावयास मिळणे हा त्या सहलीच्या मोलाचाच भाग असतो.

या एका तासाची किंमत ती काय, असे कोणी विचारील. समजा, जहाज सकाळी ७ वाजता लागले आणि सायंकाळी ६ वाजता सुटणार आहे. कागदावर अकरा तास झाले. तपासण्या संपेपर्यंत ८ वाजतात. सहलींच्या गाड्या हलेपर्यंत ९. आपल्या पाहुण्याचा पाय साडेनवाला धक्क्याला लागतो. परतीची मुदत जहाज सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधीची. त्यातही शहाणा माणूस वाटेतल्या खोळंब्यासाठी आणखी तासभर हाताशी ठेवतो. म्हणजे अकराचे झाले साडेसहा-सात. मुरगावहून जुने गोवे गाठावयाचे तर जाऊन येऊन दोन तास सहज खर्ची पडतात. झुआरीवर २०२२ च्या अखेरीस नवा पूल खुला झाल्यापासून तेथला जीवघेणा खोळंबा कमी झाला, हे खरे असले तरी अंतर काही आटलेले नाही. उरलेल्या साडेचार-पाच तासांत पाहावयाचे काय आणि जेवावयाचे केव्हा? त्यातून बों जेझूच्या दारात पोचावे तो त्याच जहाजावरून तास-दीड तास आधी निघालेल्या बसगाड्या तेथे ओळीने उभ्या! ज्या गर्दीपासून दूर राहावे म्हणून हा गृहस्थ एकटा निघाला, तीच गर्दी त्याच्या आधी तेथे पोचलेली असते.

आणि हा गृहस्थच आपल्या खऱ्या उपयोगाचा आहे. बसगाडीतल्या पाहुण्याचा दिवस आधीच ठरलेला असतो : जुने गोवे, फोंड्याकडची मसाल्याची बाग, तेथेच जेवण, पणजीत थोडी पायपीट, परत. त्याचे पैसे त्याने जहाजावरच भरलेले असतात. आपल्या वाट्याला त्यातले काय येते ते कंत्राटदाराला ठाऊक. एकटा निघालेला मनुष्य मात्र वाटेवर पेरीत जातो. तो वास्कोतल्या टॅक्सीवाल्याला दिवसाचे भाडे देतो, चांदरला मिनेझिस ब्रागांझांचा वाडा पाहावयास जातो आणि हेच ठिकाण एके काळी कदंबांचे चंद्रपूर होते हे ऐकून चकित होतो. मडगावच्या बाजारात काजू घेतो, एखाद्या लहानशा खाणावळीत माशाचे जेवण जेवतो. पक्ष्यांचा नाद असलेला चोडणच्या सलीम अली अभयारण्याकडे वळतो. तेथे रायबंदरची फेरीबोट, पुढे होडीवाला, तिवरांतून वाट, सगळा कारभार भरती-ओहोटीचा आणि सकाळच्या प्रहराचा. उन्हे चढल्यावर गेलेल्याला पक्षी दिसण्याची आशा थोडीच. म्हणजे या पाहुण्याला तास-दीड तास उशीर झाला तर चोडणचा होडीवाला त्या दिवशी एका गिऱ्हाइकाला मुकतो.

उतरण्याची पाळी हा प्रकार आपल्या किनाऱ्याला नवा आहे असेही नाही. मुंबई-पणजी बोटी चालत होत्या त्या काळी मालवण-देवगडला बोट समुद्रातच उभी राही आणि पडाव तिला येऊन भिडत. पहिल्या पडावात कोणी उतरावे यावरून बोटीच्या दारात जी रेटारेटी होई ती पाहिलेली माणसे कोकणात आणि गोव्यात आजही आहेत. पहिला पडाव गाठणाऱ्याला गावाकडची बैलगाडी वा मोटार सापडे. शेवटच्या पडावातला बंदरावर ट्रंकेवर बसून राही.

समुद्रात नांगर टाकावा लागतो अशी बंदरे आजही जगात पुष्कळ आहेत. ग्रीसमधील सांतोरीनी हे त्यांतले बहुधा सर्वांत प्रसिद्ध. ज्वालामुखीच्या बुडालेल्या मुखात पाणी इतके खोल की मोठ्या जहाजांना तेथे धक्काच नाही. जहाज कंपनीच्या सहलीचे प्रवासी आधी, आणि तेही आथिनिओस नावाच्या बंदरावर उतरवितात, कारण बसगाड्या तेथे येऊ शकतात. बाकीच्यांना मागाहून फिरा गावाच्या पायथ्याशी सोडतात. तेथून वर चढावयास तारेवरचा पाळणा, गाढवे, नाहीतर जवळजवळ सहाशे पायऱ्या. जो उशिरा उतरला तो पाळण्याच्या रांगेत अडकला, आणि संध्याकाळी परतताना पुन्हा त्याच रांगेत. तथापि तेथली एक गोष्ट आम्हांस लक्षणीय वाटते. जहाजावरून माणसे किनाऱ्यावर आणण्याचे काम तेथील नावाड्यांच्या संघटनेच्या होड्या करतात. जहाज कोणाचेही असो, शेवटचा टप्पा त्या बेटाच्या माणसांनी आपल्या हाती राखला आहे. २०२५ पासून ग्रीस सरकार ऐन हंगामात त्या बेटावर उतरणाऱ्या प्रत्येक जहाज-प्रवाशाकडून २० युरो कर घेते. आपण असा कर बसवावा असे आम्ही सुचवीत नाही. तेथे गर्दीचा महापूर आहे, येथे तशी अवस्था नाही. पण येणाऱ्या पाहुण्याला कोणत्या अटींवर उतरवून घ्यावयाचे हे यजमानाने ठरवावयाचे असते, एवढे भान त्या चिमुकल्या बेटाला आहे.

येथे आपल्या घरचा दोषही झाकून चालणार नाही. परदेशी पाहुणा जहाजाची महाग सहल का घेतो? भीतीपोटी. जहाजाच्या सहलीची बस वाटेत अडकली तर जहाज थांबते किंवा कंपनी प्रवाशाची सोय लावते. स्वतंत्र निघालेला अडकला तर जहाज त्याला सोडून जाते आणि पुढचे बंदर त्याने स्वखर्चाने गाठावयाचे. ही भीती खरी आहे. तिच्यावर कंपन्या आपला धंदा करतात आणि आपण त्यांना हातभार लावतो. भाड्याचा आकडा माणूस पाहून बदलावयाचा, एका गिऱ्हाइकाभोवती पाचजणांनी गराडा घालावयाचा, ठरलेल्या ठिकाणाऐवजी दलालीच्या दुकानापुढे गाडी उभी करावयाची, असे अनुभव घेऊन गेलेला पाहुणा पुढच्यांना काय सांगत असेल हे ओळखावयास ज्योतिषी नको. टॅक्सीचालकांच्या पोटापाण्याच्या लढ्याविषयी आम्हांस पूर्ण सहानुभूती आहे. मीटर आणि ॲप यांवरून गोव्यात वर्षानुवर्षे चाललेल्या वादात त्यांची बाजू सर्वस्वी चुकीची होती असेही आम्ही मानीत नाही. परंतु बंदरात येणाऱ्या बसगाड्यांना विरोध करून हा व्यवसाय त्यांच्या हाती येणार नाही. छापील दर आणि वेळेवर परत आणून सोडण्याची लेखी हमी, या दोन गोष्टी जो संघ देईल त्याच्याकडे प्रवासी आपण होऊन येतील.

उरला सरकारचा भाग. ३० सप्टेंबर २०२४ रोजी केंद्र सरकारने 'क्रूझ भारत मिशन' सुरू केले. २०२९ पर्यंत जहाज-प्रवाशांची संख्या दुप्पट करावयाची असा संकल्प आहे. संकल्प उत्तम. मात्र डोकी मोजण्याच्या उत्साहात ती डोकी दुपारी बारापर्यंत जहाजातच राहिली तर त्या दुपटीचा वास्कोला उपयोग काय? ई-व्हिसावर उतरण्याची मुभा असलेल्या बंदरांत मुरगावचा समावेश आहे, हे चांगलेच. तेवढ्यावर न थांबता जहाज लागताक्षणी तपासणीच्या सर्व खिडक्यांवर माणसे हजर असली पाहिजेत, आणि जेथे जहाजाची रचना परवानगी देते तेथे स्वतंत्र प्रवाशांसाठी दुसरी शिडी त्याच वेळी उघडावी असा आग्रह बंदर प्राधिकरणाने धरला पाहिजे. धक्क्याचे यजमान तेच आहेत. ते बोलले तर कंपन्या ऐकतील. मुरगाव हे मूळचे मालाचे बंदर. कोळशाच्या आणि खनिजाच्या राशींमधून पाहुण्याने पायी चालत यावे अशी अपेक्षा कोणी करणार नाही. तेव्हा फाटकापर्यंत सतत फिरती गाडी आणि फाटकाशी जहाजाच्या दिवशी कदंबची पणजीला व मडगावला थेट बस, एवढे तरी व्हावे. टॅक्सी न परवडणारे देशी प्रवासीही या जहाजांतून आता पुष्कळ येतात. २०२१ पासून मुंबईहून गोव्याला येणाऱ्या देशी जहाजांनी हा वर्ग वाढविला आहे. त्यांना इमिग्रेशनची भानगड नाही, पण फाटकाबाहेर पडल्यावर कोणीकडे वळावे हा प्रश्न त्यांनाही पडतोच.

पावसाळा सरला की ऑक्टोबरात हंगाम उघडेल. बंदर प्राधिकरण, पर्यटन खाते, इमिग्रेशनचे अधिकारी आणि वास्कोचे टॅक्सीचालक यांनी त्यापूर्वी एकत्र बसावयाचे मनात आणले तर एक दुपार पुरेल. दरांचा फलक रंगवून फाटकाशी लावावयास तर तेवढाही वेळ लागत नाही.