गॅलरीतलं राजकारण कुणाचं?

'खेळात राजकारण आणू नका' हे वाक्य भारतीय फुटबॉलमध्ये नेमकं कुणाला ऐकवलं जातं? अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं अध्यक्षपद १९८८ पासून वीस वर्षं काँग्रेसचे प्रियरंजन दासमुन्शी यांच्याकडे होतं. त्यांच्यानंतर राष्ट्रवादीचे प्रफुल्ल पटेल आले, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारभार प्रशासकांकडे सोपवेपर्यंत ते पदावर राहिले. मग निवडून आले कल्याण चौबे. ते माजी गोलरक्षक आहेत आणि भाजपच्या तिकिटावर निवडणुकाही लढले आहेत. त्यांनी हरवलेले बायचुंग भुतिया यांनी सिक्कीममध्ये स्वतःचा पक्ष काढला होता. यापैकी कुणालाही 'आधी राजकारण सोडा, मग मैदानात या' असं कुणी म्हटलं नाही. स्वस्तातलं तिकीट काढून आलेल्या पोराने फलक उघडला की मात्र खेळ बाटतो.

कोलकात्यातल्या दोन प्रसंगांमुळे हा वाद समर्थकांमध्ये अजून धुमसतो आहे. पहिला १९ जानेवारी २०२० चा. सॉल्ट लेकच्या स्टेडियममध्ये मोहन बागान आणि ईस्ट बंगालची लढत होती. नागरिकत्व दुरुस्ती कायदा मंजूर होऊन महिना उलटला होता. ईस्ट बंगालच्या समर्थकांनी गॅलरीत भलामोठा फलक उलगडला. त्याचा आशय असा, की ही जमीन आम्ही रक्त देऊन मिळवली आहे, कागद देऊन नव्हे. फाळणीत सगळं सोडून आलेल्या लोकांचा क्लब म्हणून ईस्ट बंगालची ओळख असल्याने हे शब्द देशभर पोहोचले.

दुसरा प्रसंग ऑगस्ट २०२४ चा. आर. जी. कर रुग्णालयात एका तरुण डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला आणि शहर रस्त्यावर उतरलं. १८ ऑगस्टला ड्युरँड कपमध्ये याच दोन क्लबांचा सामना ठरलेला होता. तो सुरक्षेचं कारण देत रद्द झाला. त्या संध्याकाळी ईस्ट बंगाल, मोहन बागान आणि मोहम्मडन स्पोर्टिंग या तिन्ही क्लबांचे समर्थक स्टेडियमबाहेर एकत्र आले. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे लोक एकमेकांच्या खांद्यावर बसून न्याय मागत होते. पोलिसांनी लाठ्या चालवल्या.

पहिल्या वेळी बोट केंद्र सरकारकडे होतं, दुसऱ्या वेळी राज्य सरकारकडे. सरकार आपल्या नावडत्या पक्षाचं असलं की घोषणा म्हणजे लोकशाही, आणि आवडत्या पक्षाचं असलं की 'खेळात राजकारण', असा हिशेब मांडणाऱ्यांना खेळाचं काही पडलेलं नसतं. नियम करणाऱ्या संस्थाही याच पठडीतल्या. २०१६ मध्ये स्कॉटलंडच्या सेल्टिक क्लबच्या समर्थकांनी पॅलेस्टाईनचे झेंडे फडकावले म्हणून युएफाने क्लबला दंड केला. २०२२ मध्ये याच युएफाने फिफासोबत रशियाच्या संघांना स्पर्धांबाहेर काढलं. तो निर्णय योग्य की अयोग्य हे बाजूला ठेवू, पण तो राजकीय नव्हता असं कोण म्हणेल?

तरीही घोषणा नको म्हणणारा प्रत्येक समर्थक ढोंगी नसतो. आठवडाभर राबून आलेल्याला नव्वद मिनिटं सगळं विसरायचं असतं. दुसऱ्याला लाठीची भीती असते, आणि ती खरी आहे. आपल्यापैकी अनेकांना घरून बजावलेलं असतं, की एकदा पोलिसात नाव गेलं की नोकरीच्या वेळी पडताळणीत ते वर येतं. ज्याच्या घरात वकील आहे, मामा अधिकारी आहे, त्याला अटक म्हणजे पुढे सांगायचा किस्सा. घरातल्या पहिल्या पदवीधराची मात्र तेवढ्यानेच वाट लागू शकते. म्हणून घोषणा देण्याचा हक्क मानायचा, तर गप्प राहण्याचाही मानला पाहिजे. न ओरडणाऱ्याला गद्दार ठरवणारी गॅलरी मला मान्य नाही.

पण माझा मुख्य मुद्दा वेगळा आहे. गॅलरीत राजकारण असावं की नसावं यावर आपण इतके भांडतो, की तिथे कुणाचं राजकारण पोहोचतं हे विचारायचंच राहून जातं.

तो २०२० चा फलक पुन्हा पाहा. रक्त कुणाचं? १९२० मध्ये ईस्ट बंगाल क्लब स्थापन करणाऱ्यांत पूर्व बंगालचे जमीनदार आणि भद्रलोक होते. फाळणीनंतर आलेल्या सवर्ण निर्वासितांनी कोलकात्याच्या कडेला वसाहती उभ्या केल्या. त्यांनाही सोसावं लागलं, पण त्यांच्याजवळ शिक्षण होतं, शहरात ओळखीपाळखी होत्या. पुढे आलेल्या नमोशूद्र आणि इतर दलित शेतकरी कुटुंबांना छावण्यांत ठेवून तिथून दंडकारण्यात धाडलं गेलं. १९७८ मध्ये त्यातले हजारो लोक परत आले आणि सुंदरबनातल्या मरिचझापी बेटावर वसले. १९७९ मध्ये डाव्या आघाडीच्या सरकारने आधी त्यांची नाकेबंदी केली आणि मग त्यांना हुसकावून लावलं. किती जण मेले यावर आजही एकमत नाही. जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या बळावर १९४६ मध्ये बाबासाहेब बंगालमधून संविधान सभेवर निवडून गेले, हे आपण अभिमानाने सांगतो. ज्या समाजाने ते बळ दिलं, त्याच समाजाची ही लेकरं.

त्यांना 'कागद नको' म्हणणं परवडत नाही. २००३ च्या दुरुस्तीने 'बेकायदा स्थलांतरित' हा शब्द कायद्यात आला, तेव्हापासून मतुआ समाज नागरिकत्वाचा कागद मागतो आहे. यातल्या काहींना आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत वसवलं गेलं. पश्चिम बंगालमध्ये नमोशूद्र अनुसूचित जातींत मोडतात, महाराष्ट्राच्या यादीत ते नाहीत. त्यामुळे जात तीच, सोसणं तेच, पण इथे दाखला मिळत नाही. जात पडताळणीच्या प्रमाणपत्रासाठी कार्यालयाचे उंबरे झिजवलेल्या आपल्या वाचकांना मी वेगळं काय सांगू? कागद मागून सरकार आपल्याला छळतं, आणि तोच कागद हातात नसेल तर फी माफ होत नाही, वसतिगृहात जागा मिळत नाही.

म्हणून तो फलक चूक होता असं मी म्हणत नाही. आसामच्या नागरिक नोंदणीतून २०१९ मध्ये १९ लाखांहून अधिक माणसं वगळली गेली. अशा वेळी कागदावरून माणूस ठरवण्याला नकार देणं गरजेचंच होतं. पण तो नकार अर्धा आहे. कागदाचा जाच थांबवा आणि ज्यांना कागद नाकारला त्यांना तो द्या, या दोन्ही मागण्या एकत्र आल्या तर मरिचझापीचा माणूस त्या फलकात दिसेल. भद्रलोकाच्या आठवणीतली फाळणी अख्ख्या बंगालची फाळणी म्हणून मिरवली, तर तो पुन्हा एकदा बेटावरच राहील.

आणि एक गोष्ट समर्थकांनी आपसांत मिटवायची आहे. ईस्ट बंगालवाल्यांना काटेरी तारेवरून डिवचणं, मोहम्मडनच्या समर्थकांना धर्मावरून हिणवणं, हे गॅलरीत वर्षानुवर्षं चालत आलं आहे. त्याला कुणी राजकारण म्हणत नाही, 'गंमत' म्हणतात. वर्गात आपल्या आडनावावरून होणारी गंमत आठवा, म्हणजे हिची जात कळेल. सत्तेला जाब विचारणारी घोषणा आणि शेजाऱ्याची लाज काढणारी घोषणा यांना एकाच मापाने मोजता येणार नाही. बंदीच घालायची तर दुसरीवर घाला.

तीन क्लबांचे लोक त्या ऑगस्टमध्ये एकत्र आले, तेव्हा ही गंमत एका संध्याकाळपुरती का होईना थांबली. ती पुढच्या सामन्यालाही थांबली पाहिजे. आणि पुढचा फलक रंगवायला बसाल तेव्हा कॅनिंगच्या लोकलने येणाऱ्या, छावणीत वाढलेल्या घरातल्या पोराच्या हातातही एक कुंचला द्या. काय लिहायचं ते त्याला विचारा.