‘केवळ औपचारिकता’

आमच्या वसाहतीतील महाराष्ट्र मंडळाने येत्या महिन्यात मधुमेह-तपासणीचे शिबिर योजिले आहे. तपासणी फुकट, त्याबदली एक नळी रक्त अधिक द्यावयाचे, ते एका संस्थेच्या आनुवंशिकतेच्या संशोधनासाठी जतन केले जाणार. योजना चांगली आहे. परंतु संमतिपत्रांचा गठ्ठा हाती देताना चिटणीस म्हणाले, “सह्या तेवढ्या गोळा करून ठेवा, केवळ औपचारिकता आहे.” पत्रक दोन पानी, बारीक टाइपातील इंग्रजीत, आणि शिबिरास येणार आमच्या घरच्या मोलकरणी, वसाहतीचे चौकीदार, माळी. आम्ही हरकत घेतली. तेव्हा एक सन्माननीय सभासद, स्वतः विज्ञानाचे पदवीधर, उद्गारले की, असल्या कागदी नीतीनेच ह्या देशातील संशोधन रखडले आहे. बैठकीत उत्तर द्यावयास अवसर मिळाला नाही, म्हणून ते येथे देत आहोत.

आम्ही कारकून आहोत. कागद म्हणजे काय आणि काय नव्हे, हे आम्हांस प्रयोगशाळेतील विद्वानांहून थोडे अधिक कळते, एवढा आमचा नम्र दावा आहे.

नीतीचा हा कागद कोणा रिकामटेकड्या कारकुनाने काढलेला नाही. १९४७ साली न्यूरेंबर्ग येथे नाझी डॉक्टरांवरील खटल्याच्या निकालात मानवी प्रयोगांविषयी दहा तत्त्वे सांगितली गेली. त्यांतले पहिलेच तत्त्व प्रयोगाला बसणाऱ्या माणसाच्या स्वेच्छेच्या संमतीचे. आरोपींत भोंदू वैदू नव्हते, नावाजलेले वैद्यकशास्त्रज्ञ होते. ‘ते नाझी होते’ म्हणून हात झटकणाऱ्यांनी अमेरिकेकडे पाहावे. अलाबामातील टस्कीगी येथे १९३२ पासून सरकारी आरोग्यखात्याने उपदंश झालेल्या सुमारे चारशे कृष्णवर्णीय पुरुषांना औषधावाचून ठेवून रोग कसा वाढतो ते पाहिले. त्यांना सांगितले होते की, तुमचे रक्त बिघडले आहे. पाठीच्या कण्यातले पाणी काढीत, त्याला ‘खास मोफत उपचार’ म्हणत. पेनिसिलिन आले, तेही दिले नाही. शवविच्छेदनास मान्यता मिळावी म्हणून अंत्यविधीचा खर्च मात्र देऊ केला. न्यूरेंबर्गनंतरही हे पंचवीस वर्षे, १९७२ पर्यंत, चालू होते. आणि गुप्त नव्हते! त्याचे निबंध वैद्यकीय नियतकालिकांत छापून येत होते.

पण इतके लांब जाण्याचे कारण नाही. २००९ साली त्या वेळच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा ह्या जिल्ह्यांत दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची प्रतिबंधक लस टोचण्यात आली. ‘पाथ’ ही अमेरिकन संस्था, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि राज्य सरकारे ह्यांनी मिळून हा प्रकल्प हाती घेतला होता. मुली वीस हजारांहून अधिक. खम्मममधील पुष्कळ मुली आदिवासी, वसतिगृहांत राहणाऱ्या. काही मुलींचे मृत्यू झाल्यावर गवगवा झाला आणि एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबला. चौकशीत जे बाहेर आले ते आमच्या व्यवसायबंधूंनी लक्षपूर्वक वाचावे. आंध्रातील तपासलेल्या ९,५४३ संमतिपत्रांपैकी १,९४८ वर अंगठे होते. २,७६३ वर सह्या होत्या त्या वसतिगृहांच्या अधीक्षकांच्या. पालकांऐवजी मुख्याध्यापकांनी सह्या कराव्यात, असा राज्य सरकारचा आदेशच होता. २०१३ साली संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने ह्या साऱ्यावर कडक ताशेरे ओढले.

आदेश म्हटला म्हणजे त्याचा मसुदा आला, त्यावर टिपणी आली, जावक क्रमांक आला. तो कोणी लिहिला हे आम्हांस ठाऊक नाही. पण तसला मसुदा आम्ही अर्ध्या तासात लिहून दिला असता, ही गोष्ट आमची झोप उडविते. व्याकरणाची एक चूक त्यात सापडली नसती.

आमचे पदवीधर मित्र ह्यावर म्हणाले, “पण लशीने कोणी मेले का?” प्रश्न रास्त आहे. चौकशी-समितीने ते मृत्यू लशीमुळे झाल्याचे मानले नाही. कोणी बुडून, कोणी सर्पदंशाने, कोणी कीटकनाशक पिऊन गेली होती. लस उपकारक आहे, हेही आम्ही मानतो. म्हणूनच तर आमचा राग अधिक आहे. ज्या आईला विचारलेच नव्हते, तिने समितीचा अहवाल का म्हणून खरा मानावा? तिला खरे सांगण्याची वेळ सुई टोचण्यापूर्वीची होती. ती अधीक्षकाच्या सहीत संपली. शिवाय परिणाम चांगला निघाला म्हणून न विचारणे क्षम्य ठरत असेल, तर उद्या तो वाईट निघाला म्हणजे जबाबदार कोण? दैव?

नीती-समित्या विलंब लावतात, हे खरे. त्यांतल्या काही नुसते शिक्के मारतात, हेही खरे. त्यावर उपाय समित्या सुधारण्याचा आहे. मात्र ‘अडाण्यांना काय कळणार’ हे आम्ही मुळीच ऐकून घेणार नाही. आमच्या मोलकरणीस खाड्यांचा हिशेब आमच्याहून चोख कळतो. तिला पाचच गोष्टी सांगावयाच्या आहेत: रक्त किती घेणार, कोठे ठेवणार, कोणास दाखविणार, पुढे नको वाटले तर काय, आणि ‘नाही’ म्हटले तरी साखर तपासून मिळेल का. ह्या पाचव्या प्रश्नाचे उत्तर आज ‘नाही’ असे आहे. गरीब बाईस तपासणीचे आमिष दाखवून तिचे रक्त मागावयाचे, ह्याला आम्ही संमती म्हणत नाही. हा सौदा आहे, आणि तोही तिला न कळलेला.

दुसरे असे की, सही मागणार कोण? आम्ही! पगार देणारे. खम्ममच्या मुलीपुढे अधीक्षक जसा उभा, तसेच मोलकरणीपुढे आम्ही. ती ‘नाही’ कशी म्हणेल?

हे आम्ही कोणा सोवळ्या पाटावर बसून लिहीत नाही. पूर्वीच्या एका बदलीच्या गावी, एका कार्यालयात, कुटुंब-निवृत्तिवेतनासाठी एक म्हातारी आली होती. आम्ही अंगठ्याची जागा दाखविली. तिने तिच्या भाषेत काहीतरी विचारले. ती भाषा आम्हांस येत नव्हती. शेजारच्या टेबलावरील गृहस्थास येत होती. त्यास हाक मारावयाची, एवढेच काम होते. पण साडेपाच वाजत आले होते. आम्ही हसून मान हलविली, ‘अच्छा है, अच्छा है’ म्हटले, आणि तिने अंगठा उठविला. अर्जात वावगे काही नव्हते. तिने काय विचारले होते, ते मात्र आम्हांस आजतागायत कळलेले नाही.

परमुलखात नोकरी करणाऱ्या आम्हां मंडळींपैकी कितीकांच्या टेबलावर असे अंगठे उठले असतील, त्याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

संमतिपत्रांचा गठ्ठा आम्ही चिटणीसांकडे परत केला आहे. सोबत टिपणी जोडली आहे: पत्रक हिंदीत व मराठीत करून मिळावे, ते संस्थेच्या माणसाने, मालक समोर नसताना, वाचून दाखवावे, आणि रक्त न देणाऱ्याचीही साखर तपासावी. चिटणीसांनी टिपणीवर ‘पाहिले’ असा शेरा मारला आहे. शिबिराची तारीख मात्र सूचनाफलकावर लागली आहे.