आधी वायर बघा, मग सर्व्हर

सर्व्हरची लिंक सारखी चालू-बंद व्हायला लागली की आपल्याकडे पहिला उपाय ठरलेला: रीस्टार्ट! माझ्या मते ही सवय मोडायलाच हवी. रीस्टार्टने लिंक घटकाभर सुधारते, पण मूळ कारण तसंच राहतं. मग फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी नेट जातं आणि नुकसान मुलांचं होतं.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली-मंडणगडकडे खांब पडले, तेव्हा दोष सगळ्यांना दिसला. खाऱ्या, दमट हवेने गंजलेली पिन मात्र दिसत नाही. तांब्याच्या केबलवर १ गिगाबिटला सर्व ८ तारा लागतात. एक जोडी निसटली की वेग १०० मेगाबिटवर घसरतो किंवा लिंकच तुटते. सिंगल-मोड फायबरचा गाभा तर जेमतेम ९ मायक्रॉनचा, केसाहून कितीतरी बारीक. त्याला धुळीचा एक कणही पुरतो.

म्हणून क्रम ठेवा. आधी लॉगमधली वेळ आणि एरर वहीत लिहा. मग कनेक्टर पुसा, केबल बदला, पोर्ट बदला, मॉड्यूल बदला, ड्रायव्हर शेवटी. एका वेळी एकच बदल! दोन केले तर दोष कशात होता ते कळणारच नाही. प्रयोगशाळेत आपण हेच शिकवतो ना? मग सर्व्हर रूममध्येही तेच करूया.