हजेरी ७५ टक्के, शिक्षण किती?

जालना जिल्ह्यात काम करताना तालुक्याच्या ठिकाणी पदवी घेणाऱ्या आपल्या मुलामुलींना आम्ही नेहमी विचारतो, कॉलेज कसे आहे? पहिले उत्तर ठरलेले असते, ‘चांगले आहे.’ थोडे बसून बोलले की खरे बाहेर येते.

चांगले आहे, हे खोटे नाही. घराजवळ कॉलेज आहे म्हणूनच अनेक मुली बारावीनंतर शिकत आहेत. सर नावाने ओळखतात. पण काही विषयांना पूर्णवेळ प्राध्यापक नाही. तासिका तत्त्वावरचे सर येतात तेव्हा सत्र बरेच पुढे गेलेले असते. नवे शैक्षणिक धोरण २०२४-२५ पासून पदवीला लागू झाले. कागदावर विषय निवडायची मोकळीक आली. पण शिकवणारा ज्या विषयाचा आहे, तोच विषय ‘निवडावा’ लागतो.

दुसरी बाजूही मुलेच सांगतात. कापूस वेचणीच्या दिवसांत वर्ग रिकामे असतात. कोणी जालन्याच्या स्टील कारखान्यात पाळी करतो. शिष्यवृत्ती आणि स्वाधार योजनेला ७५ टक्के हजेरी लागते, पण पैसे हातात येईपर्यंत वर्ष सरते. मग पोट भरायला काम आणि हजेरी कागदावर, अशी तडजोड होते. ती कॉलेजलाही सोयीची आणि विद्यार्थ्यालाही. तोटा मात्र एकट्या विद्यार्थ्याचा. पदवी हातात येते, पण स्पर्धा परीक्षेत आणि मुलाखतीत तिचे वजन भरत नाही.

म्हणून मुलांनी गप्प राहणे आम्हाला परवडणारे वाटत नाही. बोलायला जागा आहेत. नॅक मूल्यांकनात विद्यार्थी समाधान सर्वेक्षण असते. तो फॉर्म कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या अनुभवावरून भरा. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने प्रत्येक कॉलेजात महाविद्यालय विकास समिती आहे आणि तिच्यात विद्यार्थी प्रतिनिधीला जागा आहे. रिक्त पदे, ग्रंथालयाची वेळ, रखडलेली शिष्यवृत्ती हे विषय तिथे लेखी मांडा. एकट्याने भीती वाटत असेल तर दहा जणांनी सह्या करा. पालकांनी आणि विहारातल्या मंडळींनी पाठीशी उभे राहावे. जयंतीच्या वर्गणीतून थोडी रक्कम बाजूला काढली, तर शिष्यवृत्ती येईपर्यंत चार मुलांचा एसटी पास निघतो.

बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज काढले. पुढे त्याला मिलिंद हे नाव दिले आणि परिसराला नागसेनवन. मिलिंद हा भिक्खू नागसेनांना आडपडदा न ठेवता प्रश्न विचारणारा राजा. आपल्या भागातल्या या मोठ्या शिक्षणकेंद्राचे नावच प्रश्न विचारणाऱ्यावरून आहे. जालन्याच्या छोट्या कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी तेवढा वारसा तरी चालवावा. ‘चांगले आहे’ म्हणण्याआधी, आज किती तास झाले, ते मोजावे.